लिफाफ्यातले मत : भारतातील टपाली मतदान

टपाली मतपत्रिका म्हणजे मतदान केंद्राच्या आडोशाबाहेर, दूर कुठेतरी खूण करून लिफाफ्यातून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवायचे मत. भारतात ही सोय मागेल त्याला मिळत नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या थोड्या वर्गांनाच ती आहे, आणि हे वर्ग गेल्या सत्तर वर्षांत एकेक करून वाढत गेले. वर्ग वाढले तसा मतपत्रिकेच्या प्रवासातला टपालाचा वाटा मात्र घटत गेला. या सोयीच्या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच आहे.

बऱ्याच देशांत टपाली मतदानाची सुरुवात सैनिकांपासून झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीवेळी, उत्तरेकडच्या अनेक राज्यांनी आघाडीवरच्या सैनिकांना छावणीतून मत देण्याची मुभा दिली. ब्रिटनमध्ये १९१८ च्या कायद्याने सैनिकांसाठी टपाली आणि प्रतिनिधीमार्फत मतदान आणले. तिथे १९४५ ची निवडणूक ५ जुलैला झाली, पण निकाल २६ जुलैला लागला, कारण परदेशांतल्या सैनिकांची मते मायदेशी येईपर्यंत मोजणी थांबवली होती. एका लिफाफ्यासाठी देशाने थांबायचे की लिफाफ्याने वेळेत पोहोचायचे, हा प्रश्न पुढे भारतातही वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला.

स्वतंत्र भारतात याचा पाया लोकप्रतिनिधित्व कायद्यांनी घातला. १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये ‘सेवा अर्हता’ ही संकल्पना आली. सशस्त्र दलांतले लोक, राज्याबाहेर तैनात असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशातल्या वकिलातींत काम करणारे सरकारी कर्मचारी यांची नावे ते राहतात तिथे नव्हे, तर त्यांच्या मूळ गावच्या यादीत नोंदवली जातात. मतदार यादीचा शेवटचा भाग याच ‘सेवा मतदारां’चा असतो. १९५१ च्या कायद्याच्या कलम ६० ने त्यांना टपालाने मत देण्याची वाट दिली, आणि तपशिलाची सारी घडी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनी बसवली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. मतदाराने मतपत्रिकेवर कसलीही खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकायची. दूरच्या मतदाराला ही पद्धत लागू पडणारी नव्हतीच, कारण पेट्या पाठवता येत नाहीत. पुढे खुणेची मतपत्रिका सर्वत्र आली, नंतर मतदान यंत्रे आली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर यंत्रावर मतदान होऊ लागले आणि छापील मतपत्रिका उरली ती मुख्यतः टपाली मतदारांच्या हाती.

या मतपत्रिकेसाठी अर्ज कोणी करायचा, याचे उत्तर वर्गागणिक वेगळे आहे. सेवा मतदाराला अर्ज करावा लागत नाही. त्याचे नाव शेवटच्या भागात आहे एवढेच पुरेसे असते. मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकारी आपणहून पाठवतो. निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षक, तलाठी, पोलीस यांना मात्र नमुना १२ भरून मतदानाच्या किमान सात दिवस आधी अर्ज करायचा असतो. नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर त्यांना निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते आणि जिथे काम तिथल्याच केंद्रावर यंत्राने मत देता येते. राष्ट्रपतींसारख्या घोषित पदांवरच्या व्यक्तींनाही टपाली मतदानाची सोय आहे. तुरुंगातल्या कैद्याला मतदान करता येत नाही, पण प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला टपाली मत देता येते.

मतपत्रिका हाती आली की खरे काम सुरू होते. सोबत एक प्रतिज्ञापत्र असते, नमुना १३-ए. दोन लिफाफे असतात : लहान १३-बी आणि मोठा १३-सी. मतदाराने पसंतीच्या उमेदवारापुढे खूण करायची, मतपत्रिका लहान लिफाफ्यात बंद करायची आणि प्रतिज्ञापत्रावर अधिकृत व्यक्तीसमोर सही करायची. सैनिकासाठी ही व्यक्ती म्हणजे त्याच्या तुकडीचा प्रमुख अधिकारी किंवा त्याने नेमलेला अधिकारी, इतरांसाठी राजपत्रित अधिकारी, स्थानबद्धासाठी तुरुंगाचा अधीक्षक. लहान लिफाफा आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही मोठ्या लिफाफ्यात घालून तो पाठवायचा. मत आतल्या लिफाफ्यात आणि ओळख बाहेरच्या कागदावर, अशी ही रचना आहे. मतदार खरा आहे याची खात्री व्हावी, पण त्याने कोणाला मत दिले ते कळू नये, अशी दुहेरी कसरत हे दोन लिफाफे करतात. प्रतिज्ञापत्र चुकून लहान लिफाफ्यात गेले, सही राहिली किंवा प्रतिज्ञापत्रावरचा क्रमांक लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर आतले मत न उघडताच बाद होते. मतदाराची इच्छा स्वच्छ असते, चूक असते ती कागदांच्या घडीत, आणि मत जाते. मतपत्रिकेसोबत येणाऱ्या सूचना म्हणूनच शब्दन् शब्द वाचाव्या लागतात.

सैनिकांच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण वेळेची. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय अंतिम नावे ठरत नाहीत आणि नावे ठरल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही. पूर्वी माघारीची शेवटची तारीख आणि मतदान यांत किमान २० दिवसांचे अंतर असे. १९९६ च्या दुरुस्तीने ते १४ दिवसांवर आले. प्रचाराचा खर्च आणि कालावधी आटोपशीर झाला, पण छापलेली मतपत्रिका सातारा जिल्ह्यातून लडाखच्या चौकीपर्यंत जाऊन मतमोजणीआधी परत येण्याची शक्यता त्याच प्रमाणात कमी झाली. घरोघरी फौजेत माणूस असलेल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात ‘५६ एपीओ’ हा पत्ता घरातल्यांना पाठ असतो. त्या पत्त्यावरचे पत्र किती दिवसांनी मिळते, हेही त्यांना ठाऊक असते.

यावर पहिला उपाय झाला तो २००३ मध्ये. कायद्यात दुरुस्ती करून सशस्त्र दलांतल्या मतदारांना प्रॉक्सी, म्हणजे प्रतिनिधी नेमण्याचा पर्याय दिला गेला. हा प्रतिनिधी त्या मतदारसंघातला रहिवासी असावा लागतो. तो केंद्रावर जाऊन सैनिकाच्या वतीने मत देतो आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहते. सोय चांगली, पण मताचे गुपित दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. घरातल्या माणसावरही तेवढा विश्वास टाकायला प्रत्येकजण तयार होतोच असे नाही.

दुसरा उपाय अधिक खोलवर गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम २३ बदलून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची परवानगी मिळाली. ही प्रणाली निवडणूक आयोगाने पुण्याच्या सी-डॅकच्या साहाय्याने उभी केली आणि ती प्रथम पुद्दुचेरीतल्या नेल्लितोप पोटनिवडणुकीत वापरली गेली. मतपत्रिका संगणकावर जाते, मतदार पिन वापरून ती उघडतो, छापतो, खूण करतो आणि लिफाफ्यात घालून टपालाने परत पाठवतो. टपालखर्च त्याला पडत नाही. लिफाफ्यांवर आणि प्रतिज्ञापत्रावर क्यूआर कोड असतात, त्यामुळे एकाच मतपत्रिकेच्या दोन प्रती आल्या तर लगेच उघडकीला येते. जाण्याचा प्रवास क्षणाचा झाला, येण्याचा मात्र टपालाचाच राहिला. हे मुद्दाम केलेले आहे : खूण केलेले मत संगणकाच्या तारेवरून पाठवण्याची जोखीम आयोगाने घेतली नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत १८,०२,६४६ सेवा मतदारांची नोंद होती आणि १०,८४,२६६ मतपत्रिका परत आल्या. हे प्रमाण ६० टक्क्यांहून किंचित जास्त भरते. छावणी आणि चौकी यांच्या पसाऱ्यात हे यश मोठे आहे.

याच काळात सेवा मतदारांबाबतचा एक जुना अन्यायही दूर झाला. सैनिकासोबत राहणारी पत्नी सेवा मतदार ठरत असे, पण स्त्री अधिकाऱ्याचा पती ठरत नसे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ असा शब्द आला.

निवडणूक कर्मचाऱ्यांच्या मतपत्रिकांचा प्रश्न निराळा होता. त्यांना मतपत्रिका बरेच दिवस आधी मिळे आणि मतमोजणी सुरू होईपर्यंत ती परत करण्याची मुभा असे. मधल्या काळात ती घरात पडून राही. ज्या मतपत्रिकेला पडदा नाही आणि घाईही नाही, तिच्याभोवती उमेदवारांचे लोक घुटमळणार, दबाव येणार किंवा आमिष दिले जाणार, ही भीती खरी होती. प्रशिक्षणाच्या ठिकाणी मतदार सुविधा केंद्रे आधीपासून उघडली जात होती. ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीने ती सक्तीची झाली : कर्मचाऱ्याने मतपत्रिका तिथेच घ्यायची, तिथेच आडोशाला खूण करायची आणि तिथल्याच पेटीत टाकायची. नाव टपाली राहिले, पण या वर्गापुरते त्यातून टपाल गेले.

वृद्ध आणि दिव्यांग मतदारांसाठी २०१९ मध्ये आलेल्या सोयीतही टपाल खाते कुठेच नाही. २२ ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी ८० वर्षांवरील आणि दिव्यांग मतदारांना ‘अनुपस्थित मतदार’ मानले. झारखंडच्या सात मतदारसंघांत या सोयीचा पहिला प्रयोग झाला. करोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, वयोमर्यादा ६५ वर केली गेली, पण विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि एवढ्या मतदारांची व्यवस्था लावणेही अवघड होते, म्हणून बिहारच्या निवडणुकीत आयोगाने ८० चीच मर्यादा पाळली. मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली आणि त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत गृहमतदान प्रथमच देशभर झाले.

इथे अर्जाचा नमुना १२-डी आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो द्यावा लागतो. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, घरी येऊन अर्ज देतो आणि भरलेला अर्ज गोळा करतो. दिव्यांग मतदाराचे अपंगत्व किमान ४० टक्के असावे लागते. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ अशी नोंद होते आणि त्या मतदाराला केंद्रावर मत देता येत नाही. हे आधीच नीट समजावून सांगणे फार गरजेचे असते, कारण मतदानाच्या दिवशी नातवाचा हात धरून केंद्रावर आलेल्या आजीला परत पाठवावे लागते. ठरलेल्या दिवशी मतदान अधिकाऱ्यांचे पथक चित्रीकरणाच्या व्यवस्थेसह घरी येते. वेळापत्रक उमेदवारांना आधी कळवलेले असते. खूण मात्र आडोशामागे एकांतात होते. मतदार घरी सापडला नाही तर पथक आणखी एकदा येते, त्यानंतर नाही.

परदेशी स्थायिक भारतीय नागरिक अजून या वर्तुळाबाहेर आहेत. २०१० च्या दुरुस्तीने त्यांना यादीत नाव नोंदवता आले, पण मत द्यायला गावी यावेच लागते. त्यांना प्रॉक्सीची सोय देणारे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केले होते, पण लोकसभेची मुदत संपताच ते निष्प्रभ झाले. इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका त्यांनाही द्यावी, असा प्रस्ताव आयोगाने २०२० मध्ये सरकारपुढे ठेवला. दुबई किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला मात्र अजून विमानाचे तिकीटच काढावे लागते.

मतमोजणीत नियमाने पहिला मान टपाली मतांचा. सकाळी आठला त्यांची मोजणी सुरू होते, यंत्रांची साडेआठला. टपाली मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची उपान्त्य फेरी घ्यायची नाही, हा जुना दंडक २०१९ मध्ये मागे घेतला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा आणला गेला. टपाली मते किती मोलाची असतात ते मुंबई वायव्य मतदारसंघात ४ जून २०२४ रोजी दिसले. यंत्रांवर अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती, एका मताचा फरक. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या. कीर्तिकरांची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. बिहारमध्ये २०२० साली हिलसा मतदारसंघाचा निकाल अवघ्या १२ मतांनी लागला, तेव्हाही वाद बाद टपाली मतांवरच आला होता.

मोजणीच्या मेजावर आधी मोठे लिफाफे उघडतात, मग प्रतिज्ञापत्र तपासतात आणि ते निर्दोष असेल तरच लहान लिफाफा उघडतात. कोणापुढेही खूण नसलेली, एकाहून अधिक उमेदवारांपुढे खूण असलेली किंवा मतदाराची ओळख पटवील असे काही लिहिलेली मतपत्रिका बाद होते. मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेले लिफाफे उघडतच नाहीत. त्यांची वेगळी मोट बांधून ती मोहोरबंद करून ठेवतात.