मेंदूतील गाठ आणि यंत्राचा हात

१९०४ साली पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच पुढचे सेनापती बापट, यंत्रशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. त्याच सुमारास लंडनमध्ये यंत्रशास्त्राचा एक अनपेक्षित उपयोग आकार घेत होता. शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी प्राण्यांच्या डोक्यावर बसवायची धातूची चौकट तयार करवून घेतली. १९०८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. बापटांचा तिच्याशी संबंध नव्हता; पण मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्रमानवांची वंशावळ तिथूनच सुरू होते.

कल्पना साधी होती. मेंदूतील प्रत्येक बिंदूला तीन मापांचा पत्ता देता येतो; चौकट सुईला नेमके तिथे नेते. माणसाच्या बाबतीत मात्र कवटीवरून आतला पत्ता अचूक काढता येईना. १९४७ साली फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी क्ष-किरणांनी मेंदूतील पोकळ्या पाहून मापे घेतली. गाठ मात्र बहुधा सरकलेल्या पोकळ्यांवरून ताडावी लागे. १९७१ मध्ये लंडनमध्ये सीटी स्कॅन आला आणि गाठच दिसू लागली.

आता पत्ता संगणकाला सांगता येणार होता. ११ एप्रिल १९८५ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे ५२ वर्षांच्या रुग्णावर 'प्यूमा' हा यंत्रहात वापरला गेला. तो मुळात कारखान्यातल्या कामाचा! त्याने सुईची मार्गनलिका योग्य दिशेला धरली. तपासणीसाठी ऊतीचा तुकडा काढला तो शल्यविशारदानेच. यंत्र चुकून हलू नये म्हणून नलिका जागेवर येताच त्याची वीज तोडली जाई. विश्वास होता, पण असा हात राखून. पुढे उत्पादकांनीही सुरक्षिततेच्या कारणावरून या वापराला नकार दिला.

तुकडा काढणे वेगळे आणि गाठ काढणे वेगळे. कवटी उघडली की मेंदूभोवतीचा द्रव वाहून जातो, मेंदू किंचित खचतो आणि आधी काढलेले चित्र खोटे ठरू लागते. म्हणून कॅनडात कॅलगरीला गार्नेट सदरलँड यांच्या गटाने एमआरआयच्या चुंबकाजवळही चालेल असा 'न्यूरोआर्म' घडवला. १२ मे २००८ रोजी त्याच्या साहाय्याने २१ वर्षांच्या तरुणीच्या मेंदूतील गाठ काढण्यात आली. यंत्र हातांचा कंप गाळून टाकत होते. गाठ कुठे संपते आणि मेंदू कुठे सुरू होतो, हे मात्र पडद्यासमोर बसलेले सदरलँडच ठरवत होते.