शहराची बातमी कोणाची?

जळगावचे अर्थकारण म्हणजे सोने, केळी आणि डाळ, असे पुरवण्या वाचून वाटते. सराफ बाजारातला भाव रोज छापून येतो. डाळमिलमध्ये पोती वाहणाऱ्या हमालाची मजुरी छापायला मात्र त्याला संपावर जावे लागते. हे दुखणे जुने आहे. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण बाकीची पत्रे ठरावीक जातींचेच हित पाहत होती. 'केसरी'ने तर त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी घेतली नाही.

मे 1929 मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली आणि अस्पृश्यता हटत नसेल तर धर्मांतर करावे, असा ठराव झाला. येवल्याच्या घोषणेच्या सहा वर्षे आधी! इतिहासावरच्या किती लेखांत हे सापडते?

शेजारच्या धुळ्यात बाबासाहेब 31 जुलै 1937 ला कोर्टाच्या कामासाठी आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. आजही त्या तारखेला तिथे माणसे लोटतात, भीमगीते होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. छापून येतो तो हार घालणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो. त्या दिवशी कोणती पुस्तके खपली, गाणारे कुठून आले, एवढे तरी एखाद्या बातमीदाराने गड चढून विचारावे.