आशय वितरण जाळे : देखभाल आणि सेवाखंड

संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे व चलचित्रे यांच्या प्रती जगभरच्या सर्व्हरांवर साठवून वाचकाला त्याच्या जवळच्या केंद्रातून पुरवणाऱ्या यंत्रणेला आशय वितरण जाळे किंवा सीडीएन म्हणतात. अकामाई (१९९८), क्लाउडफ्लेअर (२००९) व फास्टली (२०११) या क्षेत्रातील प्रमुख अमेरिकी कंपन्या होत. हजारो संकेतस्थळे एकाच जाळ्यावर विसंबलेली असल्याने त्यात बिघाड झाला, की परस्परांशी संबंध नसलेल्या सेवा एकाच वेळी बंद पडतात.

नियमित देखभाल : जाळ्यातील अनेक केंद्रे एकच आयपी पत्ता जाहीर करतात आणि वाहतूक त्यांपैकी जवळच्या केंद्राकडे जाते. या पद्धतीला एनीकास्ट म्हणतात. दुरुस्तीसाठी एखादे केंद्र बाजूला काढायचे असल्यास त्याची बीजीपी (जाळ्यांमधील मार्ग ठरवणारा नियमसंच) मार्गघोषणा मागे घेतात. वाहतूक शेजारच्या केंद्राकडे वळते. यंत्रे बदलून किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत करून झाल्यावर घोषणा पूर्ववत करतात. अशी कामे शक्यतो त्या ठिकाणच्या रात्री, वर्दळ कमी असताना होतात. वापरणाऱ्याला फार तर पान किंचित उशिरा उघडल्याचे जाणवते.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आधी थोड्या सर्व्हरांवर, मग एखाद्या केंद्रात व शेवटी सर्वत्र, अशी टप्प्याटप्प्याने चढवतात. कॉन्फिगरेशनचे, म्हणजे सुरक्षा-नियम, याद्या व ग्राहकांच्या पसंतीचे बदल मात्र काही सेकंदांत जगभर पोहोचवण्याची प्रथा आहे, कारण हल्ला सुरू असताना नवा नियम थांबवून ठेवता येत नाही. मोठ्या सेवाखंडांची बहुतेक मुळे या दुसऱ्या वाटेवर सापडतात.

कारणे : एखादी डिस्क, सर्व्हर किंवा केंद्र बंद पडल्यास उरलेले जाळे तो भार सहसा पेलते. अख्खे जाळे कोलमडते ते चुकीचा बदल सर्वत्र एकदम पोहोचल्याने, सुप्त दोष अचानक जागा झाल्याने किंवा मार्गनिश्चिती व डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) बिघडल्याने. सुरुवातीला संशय बहुधा सायबर हल्ल्याचा येतो.

प्रमुख घटना : क्लाउडफ्लेअर घटनेनंतर सविस्तर तांत्रिक अहवाल प्रसिद्ध करत असल्याने तिच्या सेवाखंडांची माहिती अधिक उपलब्ध आहे. २ जुलै २०१९ रोजी सुरक्षा-नियमातील एका सदोष रेग्युलर एक्स्प्रेशनमुळे (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्रामुळे) तिच्या जगभरच्या सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्के व्यापले गेले आणि सुमारे २७ मिनिटे सेवा विस्कळीत झाली. २१ जून २०२२ रोजी जाळे अधिक भक्कम करण्याच्या प्रकल्पातच मार्गघोषणांच्या नियमांचा क्रम बदलला गेला आणि १९ केंद्रे जगापासून तुटली. त्यांत मुंबईचे केंद्रही होते. संख्येने ती जाळ्याच्या केवळ ४ टक्के असली, तरी एकूण विनंत्यांपैकी सुमारे निम्म्या त्यांच्यावर अवलंबून होत्या. भारतीय वेळेनुसार सकाळी ११:५७ ला सुरू झालेला खंड दुपारी १:१२ ला पूर्णपणे संपला. या गडबडीत काही अभियंत्यांनी एकमेकांच्या दुरुस्त्या नकळत उलटवल्या व काही ठिकाणी बिघाड पुन्हा उद्भवला.

क्लाउडफ्लेअरचा १८ नोव्हेंबर २०२५ चा खंड अधिक दीर्घ होता. डेटाबेसच्या परवानग्यांतील बदलामुळे स्वयंचलित बॉट ओळखण्यासाठीच्या वैशिष्ट्यांच्या फाइलमध्ये नोंदी दुबार येऊन तिचा आकार दुप्पट झाला. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला २०० वैशिष्ट्यांची मर्यादा होती. ती ओलांडताच तो कोसळला. फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होई. प्रारंभी ती कधी चांगली तर कधी वाईट निघाल्याने सेवा मध्येच सुरळीत होई, आणि त्यामुळे हल्ल्याचा संशय बळावला. एक्स व चॅटजीपीटीसह असंख्य सेवा बाधित झाल्या. मुख्य वाहतूक सुमारे तीन तासांनी सुरळीत झाली. पुढे ५ डिसेंबर २०२५ रोजी एका सुरक्षा-त्रुटीवर उपाय करताना केलेल्या बदलामुळे सुमारे २५ मिनिटे क्लाउडफ्लेअरच्या २८ टक्के एचटीटीपी वाहतुकीवर परिणाम झाला. तेव्हा मुंबईचा शेअर बाजार सुरू होता. झेरोधा व ग्रो या दलाली सेवांच्या ग्राहकांना अडचण आली.

फास्टलीचा ८ जून २०२१ चा खंड सुप्त दोषाचे ठळक उदाहरण आहे. १२ मेपासून चढवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष दडलेला होता. एका ग्राहकाने पूर्णपणे वैध असा बदल करताच जाळ्याचा ८५ टक्के भाग त्रुटीचे संदेश देऊ लागला. द गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स, रेडिट व ब्रिटिश शासन यांची संकेतस्थळे बंद पडली. बिघाड एका मिनिटात लक्षात आला. ४९ मिनिटांत ९५ टक्के जाळे पूर्ववत झाले.

अकामाईचे दोन खंड : १७ जून २०२१ (हल्लेरोधक सेवेतील मार्गतक्त्याची मर्यादा ओलांडली, ऑस्ट्रेलियातील बँका बाधित) आणि २२ जुलै २०२१ (कॉन्फिगरेशन-बदलातून डीएनएसमध्ये बिघाड, भारतात झोमॅटो व पेटीएम बाधित).

वीजपुरवठा : २ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑरेगनमधील भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये वीज गेल्याने क्लाउडफ्लेअरचे ग्राहक-नियंत्रण फलक व विश्लेषण सेवा बंद पडल्या.

उपाय : बदल तत्काळ मागे घेण्याची सोय, तसेच मुख्य जाळे बंद असतानाही सर्व्हरांपर्यंत पोहोचवणारी स्वतंत्र वाट हे मूलभूत उपाय होत. मूळ सर्व्हर उत्तर देत नसेल, तर मुदत संपलेली प्रत दाखवण्याची सोय आरएफसी ५८६१ (२०१०) या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात आहे. मात्र जाळ्याचीच केंद्रे पडल्यास ती उपयोगी पडत नाही. मोठी संकेतस्थळे एकाहून अधिक जाळी वापरतात. त्यामुळे खर्च वाढतो आणि सुरक्षा-नियम दोन्हीकडे जुळवून ठेवावे लागतात.

भरपाई : ग्राहकांना ती करारानुसार बहुधा शुल्कात सवलतीच्या रूपाने मिळते.

मोजक्या कंपन्यांकडे वाहतूक एकवटल्याने इंटरनेट नाजूक झाले, असे काही जाणकार मानतात. याच कंपन्यांमुळे लहान संकेतस्थळांना हल्ल्यांपासून संरक्षण मिळाले, असे इतरांचे म्हणणे आहे. २०२५ मधील दोन खंडांनंतर क्लाउडफ्लेअरने कॉन्फिगरेशनचे बदलही सॉफ्टवेअरप्रमाणे टप्प्याटप्प्याने पसरवण्याचे जाहीर केले.