विद्यार्थी-कल्याणाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा उगम

विद्यार्थी-कल्याण हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हा विचार अमेरिकेत प्रामुख्याने स्त्रियांनी रुजविला. सहशिक्षणाबरोबर विद्यार्थिनींवर देखरेख ठेवण्यासाठी तेथील विद्यापीठांनी ‘डीन ऑफ विमेन’ हे पद निर्माण केले. शिकागो विद्यापीठाच्या मॅरियन टॅलबट यांनी १९०३ मध्ये अशा अधिकारी स्त्रियांची परिषद भरविली. इतिहासात डॉक्टरेट मिळविलेल्या विस्कॉन्सिनच्या लोइस मॅथ्यूज यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात हे पद केवळ देखरेखीचे नसून विद्वत्तेचे आहे, असे प्रतिपादिले. त्याच दशकात कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात या कार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

पुरुष डीनांपैकी अनेकांच्या मते या कामाला लागणारे गुण उपजतच असतात. ते शिकविता येत नाहीत. स्त्रियांना मात्र आपला अधिकार सिद्ध करावा लागे. म्हणूनच त्यांनी अभ्यासाची कास धरली. १९३७ मध्ये ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ने विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासाचे तत्त्व एका निवेदनात मांडले आणि या अभ्यासास तात्त्विक अधिष्ठान लाभले. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही पदे एकत्र करून ‘डीन ऑफ स्टुडंट्स’ नेमण्याची प्रथा पडली, तेव्हा ते पद बहुधा पुरुषांकडे गेले. शास्त्र टिकले, ते घडविणाऱ्या स्त्रिया मात्र दुय्यम स्थानी गेल्या.