वस्तुसंग्रहालयांचा योगक्षेम : मुंबईंतील दोन संग्रहालयांचा कारभार व अर्थव्यवहार

(१)

जुन्या सनदा ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट सहज आली असेल. देवालय बांधून झालें, मूर्तीची प्रतिष्ठा झाली, एवढ्यानें दात्याचें समाधान होत नसे. पूजा, नैवेद्य व नंदादीप यांकरितां जमीन किंवा गांव इनाम लावून दिला जाई, व तें इनाम पुढें निरंतर चालावें असें सनदेंत स्पष्ट लिहिलें जाई. शिखर एकदां चढविलें म्हणजे झालें. दिव्यांत तेल मात्र रोज घालावें लागतें, हें ते दाते जाणून होते. संस्कृत ग्रंथकारांनीं या दोन व्यवहारांस दोन निराळे शब्द योजिले आहेत. न मिळालेलें मिळविणें तो योग, व मिळालेलें राखणें तो क्षेम.

वस्तुसंग्रहालयांविषयीं आपण जें लिहितों तें बहुधा योगाविषयीं असतें. संग्रह कोणीं केला, देणगी कोणीं दिली, कोनशिला कोणाच्या हस्तें बसली, हें सर्व नोंदलेलें असतें. परंतु वस्तू कायद्यानें कोणाच्या मालकीच्या, कारभार कोणीं पाहावयाचा, आणि दरसालचा खर्च कोठून यावयाचा, हा क्षेमाचा भाग जमाखर्चाच्या वह्यांतच पडून राहतो. प्रस्तुत लेखांत मुंबईंतील दोन संग्रहालयांच्या आधारें या दुसऱ्या अंगाचा विचार करावयाचा आहे.

(२)

सन १८५१ त लंडन येथें मोठें प्रदर्शन भरलें. त्याच्या निमित्तानें मुंबई इलाख्यांतील शेती, कारागिरी व उद्योग यांचे नमुने जमविण्याची चळवळ सुरू झाली, व त्यांतून कोटांतील बराकींत एक संग्रह उभा राहिला. परंतु १८५७ सालीं उत्तरेंत युद्धाचा वणवा पेटतांच ती जागा फौजेस हवी झाली, आणि संग्रह उचलून टाउन हॉलांत नेऊन ठेवावा लागला. संग्रहास स्वतःची इमारत नव्हती, आणि त्याच्या वतीनें भांडणारी कायदेशीर संस्थाही नव्हती.

यानंतर डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड व नामदार जगन्नाथ शंकरशेट यांच्या समितीनें स्वतंत्र इमारतीसाठीं वर्गणी जमविण्यास आरंभ केला. सर बार्टल फ्रिअर यांनीं १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं कोनशिला बसविली. सरकारनें आपला वांटा एक लक्ष रुपयांपुरता मर्यादित ठेविला होता. उरलेला भार लोकवर्गणीवर होता. त्या वेळीं हें धाडस वाटलें नसावें. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव चढले होते आणि मुंबईंत पैशाचा पूर आला होता. परंतु १८६५ सालीं ती यादवी संपली, भाव कोसळले, शेअरांचा बाजार बुडाला व मोठमोठ्या पेढ्यांचीं दिवाळीं निघालीं. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं जगन्नाथ शंकरशेट निवर्तले. इमारतीचें काम रेंगाळलें. शेवटीं तें पुरें करण्यास सरकारी पैसाच लागला. २ मे १८७२ रोजीं ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम’ लोकांस खुलें झालें. त्यानंतर दोन वर्षांनीं भाऊ दाजीही गेले.

पुढें या संग्रहालयाचा कारभार म्युनिसिपालिटीकडे आला. म्हणजे मालक ठरला, आणि खर्चासाठीं शहराच्या कराचें उत्पन्न मिळालें. १९७५ सालीं त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें, हेंही उचित झालें. तथापि विसावें शतक संपत आलें तेव्हां इमारत व वस्तू या दोहोंचीही दुरवस्था झाली होती. २००३ सालीं महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान या तिघांमध्यें करार झाला. मालकी महानगरपालिकेकडेच राहिली. जीर्णोद्धारास खाजगी धर्मादायाचा पैसा व जाणकारांचें साहाय्य मिळालें, आणि व्यवस्थेसाठीं स्वतंत्र न्यास आला. त्या जीर्णोद्धारास २००५ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें, व २००८ सालीं संग्रहालय पुनः उघडलें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. म्युनिसिपालिटीपाशीं पैसा नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जी संस्था पाणी, रस्ते, गटारें व दवाखाने पाहते, तिच्या अंदाजपत्रकांत संग्रहालय हें शेकडों कलमांपैकीं एक कलम असतें. केवळ संग्रहालयाचाच विचार करणारें मंडळ नसेल, तर तिजोरी भरलेली असूनही दिवा विझूं शकतो.

(३)

दुसरें उदाहरण ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम ऑफ वेस्टर्न इंडिया’ याचें. युवराजांच्या, म्हणजे पुढील पंचम जॉर्ज यांच्या, हिंदुस्थानभेटीचें स्मारक म्हणून संग्रहालय बांधण्याचें १४ ऑगस्ट १९०५ रोजीं ठरलें, व ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं युवराजांनीं स्वतः कोनशिला बसविली. ‘क्रेसेंट साइट’ या नांवाची जागा सरकारनें १ मार्च १९०७ रोजीं समितीच्या स्वाधीन केली.

द्रव्याची जुळवाजुळव पाहण्यासारखी आहे. राजभेटीच्या स्मारकनिधीखेरीज मुंबई सरकारनें ३,००,००० रुपये व म्युनिसिपालिटीनें २,५०,००० रुपये दिले. सर करीमभाई इब्राहीम यांनीं ३,००,००० व सर कावसजी जहांगीर यांनीं ५०,००० रुपये दिले. या चार रकमांची बेरीज नऊ लक्ष होते. त्यांपैकीं साडेपांच लक्ष सार्वजनिक तिजोरींतले, साडेतीन लक्ष दोन गृहस्थांचे. सरकारी तिजोरी व म्युनिसिपालिटीची तिजोरी हीही शेवटीं रयतेच्या करानेंच भरत असे. सारांश, स्मारकास नांव परक्या युवराजाचें लागलें, तरी पैसा येथल्या लोकांचा होता. आणि इतक्या हातांनीं तो आला असल्यामुळें ‘हें माझें’ असें एकट्यानें म्हणण्याची सोय कोणासच राहिली नाहीं.

हा मालकीचा प्रश्न १९०९ च्या मुंबई कायदा क्रमांक ३ नें सोडविला. या कायद्यानें संग्रहालयाची स्थापना होऊन त्याची मालमत्ता व कारभार विश्वस्त मंडळाकडे आला. विश्वस्त बदलतात, मंडळ राहतें. आमच्या धर्मशास्त्रांत निक्षेप म्हणून जो व्यवहार सांगितला आहे, त्यांत ठेव ज्याच्या हातीं असते तो तिचा राखणदार असतो, धनी नव्हे. विश्वस्ताची भूमिका याहून फारशी निराळी नाहीं. फक्त येथें ठेव ठेवणारा एक मनुष्य नसून सर्व समाज आहे, व त्यांतही अद्याप न जन्मलेल्यांचा वांटा आहे.

कायदा झाला त्या वर्षीं इमारत उभी राहिली नव्हती. जॉर्ज विटेट यांची रचनाकार म्हणून निवड नुकतीच होत होती. आधीं मालक ठरला, मग घर झालें. या क्रमाचा उपयोग लौकरच दिसून आला. १९१४ सालीं इमारत तयार झाली, तों महायुद्ध पेटलें, आणि घुमटाखालीं वस्तूंऐवजीं जखमी शिपायांच्या खाटा आल्या. १८५७ चाच प्रसंग पुनः आला, असें म्हणतां येईल. परंतु या वेळीं इमारत गेली तरी संस्था मोडली नाहीं. १९१५ सालीं शेट पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेण्यांत आला. म्हणजे वस्तू मांडावयास घर नसतांनाही संग्रह वाढत होता. १९२० सालीं इमारत परत मिळाली, व १० जानेवारी १९२२ रोजीं लेडी लॉइड यांच्या हस्तें संग्रहालय उघडलें. कोनशिलेपासून उद्घाटनापर्यंत सोळा वर्षें व दोन महिने लोटले होते. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे मोठे संग्रह पुढें याच संग्रहालयास मिळाले. मरणोत्तर आपली ठेव कोणाच्या हातीं द्यावी, हें ठरवितांना मनुष्य घेणाऱ्याची स्थिरताच पाहतो.

दरसालच्या खर्चासाठीं सरकार व म्युनिसिपालिटी यांचीं अनुदानें आणि विश्वस्तनिधीचें उत्पन्न अशी सोय झाली. येथें मात्र जुन्या सनदांशीं तुलना केली असतां एक उणीव दिसते. इनामाचें उत्पन्न जमिनीच्या पिकांतून येई. भाव चढले तर पिकाचें मोलही चढे, आणि नंदादीपास तेल पूर्वींइतकेंच मिळे. रोख अनुदानाचा आंकडा कागदावर तोच राहतो व त्याचें मोल दरवर्षीं झिजत जातें. म्हणून अशा संस्थांस प्रवेशशुल्क, नव्या देणग्या व वाढता निधि यांच्यामागें सतत लागावें लागतें. १९९८ सालीं या संग्रहालयास छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव मिळालें. नांव पालटलें, न्यास अखंड राहिला.

(४)

मावजींच्या संग्रहाविषयीं आपल्या वाचकांस विशेष आस्था वाटावी. त्यांतील कांहीं वस्तू मूळच्या मेणवलीच्या नाना फडणविसांच्या होत्या. दौलतीचा पैन् पै हिशेब ज्यानें राखला, त्या पुरुषाच्या वस्तूही १८०० सालीं तो जातांच कालांतरानें घराबाहेर पडल्या, व्यापाऱ्याच्या हातीं आल्या, आणि त्यांस स्थिर ठाव मिळाला तो एका विश्वस्त मंडळापाशीं. खाजगी संग्रह कितीही रसिकतेनें केलेला असो, त्याचें आयुष्य बहुधा धन्याच्या वंशाच्या दैवाशीं बांधलेलें असतें.

औंधाचें उदाहरण याच्या उलट आहे. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. त्यांनीं १९३८ सालीं औंधास श्रीभवानी संग्रहालय उभारलें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९५१ सालीं बाळासाहेबही गेले; परंतु संग्रहालय राज्य सरकारकडे आल्यामुळें संग्रह औंधासच राहिला. संस्थान गेलें, चित्रें राहिलीं.

(५)

शेवटीं एक लहान गोष्ट सांगतों. मीं नोकरी केलेल्या एका शाळेंत माझ्या आधींच्या एका शिक्षकांनीं कांचेच्या कपाटांत गांवचा संग्रह जमविला होता. शिवराई होन नव्हेत, साधे तांब्याचे शिवराई पैसे, एक भग्न गणेशमूर्ति, मोडी कागदांचें एक रुमाल, असें कांहीं. देणाऱ्यांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहिलेलीं होतीं. एका सुट्टींत शाळेस रंग देण्यासाठीं तें कपाट ओसरीवर काढण्यांत आलें. परत आंत आलें तेव्हां तें निम्में रिकामें होतें, व वर्षभरांत पुरतें रिकामें झालें. मीं चौकशीसाठीं डेडस्टॉकची वही काढली. तींत कपाटाची नोंद होती, वस्तूंची नव्हती. म्हणून कपाट आजही आहे. मी त्या शाळेंत चार वर्षें होतों, वर्गांत त्या वस्तू दाखवून इतिहास शिकवीत होतों. पण त्यांची यादी करण्याचें मलाही सुचलें नव्हतें. चोर कोणास म्हणावें?

मोठ्या संग्रहालयांचा कायदा व लक्षावधि रुपये आपल्या हातीं नाहींत. परंतु गांवोगांवच्या शाळांत, वाचनालयांत व देवळांच्या ओवऱ्यांत जे लहान संग्रह आहेत, त्यांच्यासाठीं तीन गोष्टी करतां येतील. पहिली, प्रत्येक वस्तूची नोंद व तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं. दुसरी, मालकी एका व्यक्तीची नसून नोंदलेल्या न्यासाची असल्याचा कागद. तिसरी, खर्चासाठीं लहान कां होईना पण स्वतंत्र ठेव, व तिच्या व्याजाचा कांहीं भाग मुद्दलांत घालण्याचा नियम. मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं एवढें केलें तरी पुष्कळ होईल. यादीच्या कामास मी अजूनही येऊं शकतों.