मुक्ताच्या निबंधाचं कूळ

डोंबिवलीच्या पुस्तक आदानप्रदान प्रदर्शनात इंग्रजी किशोर कादंबऱ्या चाळताना मिल्ड्रेड टेलरचं ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (1976) हाती लागलं, तर ठेवून देऊ नका. 1933 सालचं मिसिसिपी. काळ्यांच्या शाळेत गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली पुस्तकं येतात. मुखपृष्ठाच्या आत तक्ता: साल, पुस्तकाची अवस्था आणि वापरणाऱ्याचा वंश. तो वाचून गोष्ट सांगणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ पुस्तक जमिनीवर आपटतो, पायाखाली तुडवतो. टेलरला अशा हकिकती वडिलांकडून मिळाल्या होत्या.

ऐकलेल्या अन्यायाच्या अशा लेखनाचं कूळ परदेशी वाटतं खरं, पण टेलरची कादंबरी आली तेव्हा आपल्याकडे ते सव्वाशे वर्षं जुनं होतं. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. गंमत अशी, की हे नियतकालिक चालवणारं मिशन अमेरिकन होतं आणि तेव्हा खुद्द अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांचा बाजार भरत होता. तिथली गुलामी संपल्यावर, 1873मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

मुक्ताचा निबंध रडका नाही, भांडखोर आहे. वेदांवर आमचा हक्क नाही, तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. पुढे ती पेशवाईत शिरते: इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसं, तालीमखान्यापुढून कुणी मांग-महार गेला म्हणून उडवलेलं डोकं आणि गुलटेकडीवर त्या डोक्याचा चेंडू करून तलवारीच्या दांडूने मांडलेला खेळ. पेशवाई 1818 सालीच बुडाली होती. म्हणजे हे तिने पाहिलेलं नव्हे, थोरांच्या तोंडून ऐकलेलंच असणार. टेलरची रीतही हीच. शाळेत आलेल्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने खाऊ दिला, तर मुक्ता ‘आम्हाला ग्रंथालय द्या’ म्हणाली, असंही सांगतात. तिच्या तोंडी शोभतं खरं!

आपल्याकडे या कुळाची थोरली शाखा कादंबरीकडे न वळता आत्मकथनाकडे गेली. टेलरनंतर दोनच वर्षांनी, 1978मध्ये, दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, आणि ते मोठ्यांच्या कपाटात गेलं. त्यातला दगडू मुंबईच्या कावाखान्यात आणि धामणगावात वाढतो, तेवढाच भाग वेगळा काढला तरी किशोरांसाठी चांगलं पुस्तक होईल. प्रकाशकांनी करून बघावं.