किलोमीटर, महिने आणि एक ‘किंवा’ : इंजिन ऑइल बदलण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठीत एकच ओळ होती : ‘सर, तुम्ही रोजच्या वस्तूंचा इतिहास सांगता, तर गाडीचं ऑइल नेमकं किती किलोमीटरनं बदलावं हे एकदा सांगाच.’ चिठ्ठी वाचून आम्हाला हसू आलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला कुणी ऑइलबद्दल विचारत नाही, आणि विचारलंच तर आमच्यासारख्याला विचारू नये. (हशा) का विचारू नये, ते आधी सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर आम्ही एक लहान पेट्रोल गाडी घेतली. घर ते मंडई, घर ते बँक, कधी डॉक्टरांकडे. दोन किलोमीटर जायचं, दोन किलोमीटर यायचं. पहिली सर्व्हिसिंग झाल्यावर गॅरेजवाल्यानं दाराच्या कडेला चिकटपट्टी लावून दिली, पुढचं ऑइल 10,000 किलोमीटरनंतर. आम्ही शिस्तीचे लोक. आकडा पाहत राहिलो. चार वर्षं झाली तरी 10,000 काही होईनात, मग ऑइल कशाला बदलायचं? एक दिवस ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिन खडखडायला लागलं. मिस्त्रींनी टॅपेट कव्हर उघडून दाखवलं. आत तेल नव्हतंच म्हणा ना, काजळाच्या डबीत असतं तसं घट्ट, काळं काहीतरी साचलं होतं. खालच्या चेंबरमधली पंपाची जाळी त्यानंच बुजलेली. आम्ही म्हणालो, ‘अहो, गाडी तर फारशी चाललीच नाही.’ ते म्हणाले, ‘सर, गाडी नाही चालली, इंजिन चाललं ना.’

घरी येऊन गाडीचं पुस्तक काढलं. त्यात छापलं होतं : 10,000 किलोमीटर किंवा 12 महिने, जे आधी येईल ते. पस्तीस वर्षं आम्ही मुलांना तर्कशास्त्र शिकवलं. ‘आणि’ म्हणजे काय, ‘किंवा’ म्हणजे काय, फळ्यावर कोष्टकं काढून शिकवलं. आणि स्वतःच्या गाडीच्या पुस्तकातला ‘किंवा’ काही आम्हाला दिसला नाही! इंजिनाच्या कामाचं बिल आम्ही अजून जपून ठेवलंय.

तर आजचा विषय हा ‘किंवा’ आहे असं समजा. तो तिथे आला कुठून?

सुरुवात जरा लांबून करू. वंगण आपल्याला नवं नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण लागायचं, ते नळकांड्यात भरून गाडीखाली टांगलेलं असायचं. चाक करकरायला लागलं की गाडीवान उतरून वंगण घालायचा. पण ते वंगण कुणी ‘बदलत’ नसे. ते झिजायचं, गळायचं, आणखी घालायचं, इतकंच. पहिल्या मोटारींचंही हेच होतं. तेलाचे थेंब वरून पडायचे, बेअरिंगमधून जायचे, काही जळायचे, उरलेले रस्त्यावर सांडायचे. जे तेल परत येतच नाही ते जुनं झालं की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

या पद्धतीचं टोक पहिल्या महायुद्धातल्या विमानांत दिसतं. नोम किंवा ल रोन या फ्रेंच इंजिनांत मधला दांडा स्थिर असे आणि सिलिंडर त्याच्याभोवती फिरत. त्यांना वंगण म्हणून काय घालत? एरंडेल. होय, आपलं एरंडेल तेल. ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही आणि उष्णतेत टिकतं, म्हणून. इंजिन ते फवाऱ्यासारखं बाहेर फेकायचं आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात ते जायचं. पोटावर त्याचा परिणाम काय होत असेल, हे लहानपणी ज्यांनी एरंडेल घेतलंय त्यांना सांगायला नको. (हशा) कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं, 1909 साली. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे निष्फळ खटाटोप, असं आपली भाषा म्हणते. त्या काळात मात्र एरंडावर विमानं उडत होती.

ऑइल बदलायचा प्रश्न खरा सुरू झाला, तो तेल इंजिनातच राहून फिरायला लागलं तेव्हा. फोर्डची मॉडेल टी गाडी 1908 ते 1927 या काळात बनली. तिला तेलाचा पंप नव्हता, फिल्टर नव्हता, डिपस्टिकही नव्हती. फिरणारे भाग खालच्या तेलात बुडून ते सगळीकडे उडवायचे. तेल किती आहे ते पाहायला खाली दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल आलं तर भरपूर आहे, खालच्याही तोटीतून येईना म्हणजे आता धोका. मालकाला गाडीखाली सरपटत जावं लागे. या गाडीच्या पुस्तकात सूचना होती, नव्या गाडीचं तेल 400 मैलांनंतर काढा आणि मग साधारण दर 750 मैलांनी. 750 मैल म्हणजे आपले 1,200 किलोमीटर. आजचे 10,000 कुठे आणि ते 1,200 कुठे!

मग 1,200 चे 10,000 झाले कसे? याचं श्रेय लोक तेल कंपन्यांना देतात. ते अर्धंच खरं. पहिलं पाऊल फिल्टरचं. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनवुड या दोघांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीसाठी ऑइल फिल्टर आणला आणि 1924 च्या क्रायस्लर गाडीत तो बसला. दुसरं पाऊल जास्त महत्त्वाचं, आणि त्याबद्दल गैरसमजही फार. 1930 च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा मळीनं चिकटून बसायला लागल्या. त्यावर उपाय म्हणून तेलात साबणासारखं काम करणारी द्रव्यं घालायला सुरुवात झाली. ही द्रव्यं काजळी धुऊन काढतात आणि तेलातच तरंगत ठेवतात, तळाला बसू देत नाहीत.

याचा परिणाम असा की चांगलं तेल लवकर काळं दिसतं. आपल्याकडे अजून लोक डिपस्टिक काढतात, बोटावर तेल घेतात आणि ‘काळं झालं, बदला’ म्हणून मोकळे होतात. डिझेल गाडीत तर नवं तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काळं झालं म्हणजे ते काम करतंय. रंगावरून निकाल देऊ नये, हे आम्ही माणसांच्या बाबतीत सांगत आलो होतो, ते तेलालाही लागू आहे एवढंच.

तिसरी गोष्ट इंधनाची. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, जुन्या डिझेलमध्ये गंधक भरपूर. गंधक जळलं की त्यापासून आम्ल बनतं, आणि ते आम्ल मारण्यासाठी तेलात जो अल्कधर्मी साठा घातलेला असतो तो संपत जातो. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. 2020 साली बीएस-6 आलं तेव्हा गंधकाचं प्रमाण दशलक्षात 50 भागांवरून 10 भागांवर उतरलं. कार्ब्युरेटर आणि चोक जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल ओतलं जाऊन तेल पातळ होणंही कमी झालं. म्हणजे ऑइलचं आयुष्य वाढलं त्यात ऑइलचा वाटा आहे, तसा रिफायनरीचा आहे आणि हवा शुद्ध ठेवण्याच्या कायद्याचाही आहे. गाडीच्या चिकटपट्टीवरचा आकडा हा असा अनेकांनी मिळून लिहिलेला आहे.

अमेरिकेत मात्र एक आकडा हटायला तयार नव्हता : 3,000 मैल. साधारण 5,000 किलोमीटर. आपल्याकडचा ‘पाच हजारला ऑइल’ हा गॅरेजमधला नियम त्याचाच भाऊ म्हणायला हरकत नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यात मोबिल 1 हे सिंथेटिक तेल बाजारात आलं, ते 25,000 मैल किंवा एक वर्ष चालेल अशी जाहिरात करत. पाहा, इथेही ‘किंवा’ आहे. त्याच दशकात दहा मिनिटांत ऑइल बदलून देणारी दुकानं अमेरिकेत पसरली, आणि ती दर 3,000 मैलांची चिकटपट्टी काचेवर लावून देत. पुढे 1991 मध्ये जिफी ल्यूब ही अशा दुकानांची मोठी साखळी पेन्झॉइल या तेल कंपनीच्या ताब्यात गेली. तेल विकणाराच तेल कधी फेकायचं ते सांगणार, असा मामला. 2010 नंतरच्या वर्षांत कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वापर खात्याला मोहीम काढून लोकांना सांगावं लागलं की बाबांनो, काचेवरची चिकटपट्टी सोडा, गाडीचं पुस्तक वाचा. चांगलं तेल वाया जात होतं.

पण म्हणून 3,000 चा आकडा निव्वळ लबाडी होता, असं आम्ही म्हणणार नाही. जुन्या तेलाला, जुन्या इंधनाला तो योग्यच होता. परिस्थिती बदलली, आकडा बदलला नाही. शिवाय लवकर बदलण्यात मालकाचं फार तर पैशाचं नुकसान, उशिरा बदलण्यात इंजिनाचं. भीतीचा व्यापार नेहमी अशाच जागी चालतो, जिथे भीती अगदीच खोटी नसते.

आता महिन्यांकडे येऊ, म्हणजे आमच्या चुकीकडे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांवरून निसटून खाली तेलात उतरतं. लांबच्या प्रवासात तेल 100 अंशांच्या आसपास तापतं, ही वाफ आणि तेलात मिसळलेलं पेट्रोल उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत तेल तापतच नाही. पाणी, पेट्रोल, आम्ल, सगळं तिथेच मुरतं. म्हणून म्हातारा माणूस जपून, कमी चालवतो ती गाडी तेलाच्या दृष्टीनं सर्वांत कष्टात असते. गाड्यांच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ असा एक तक्ता असतो : लहान फेऱ्या, सतत थांबत-चालत वाहतूक, धूळ, कडक ऊन, जड ओझं. तो तक्ता वाचताना आपण समजतो की हे वाळवंटातल्या लोकांसाठी असेल. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या माणसानं तो पुन्हा एकदा वाचावा.

शेतकऱ्यांना हे आपल्यापेक्षा आधी कळलेलं आहे. ट्रॅक्टरला किलोमीटर नाही, तासांचं मीटर असतं. साधारण 250 तासांनी ऑइल, असा पुष्कळ ट्रॅक्टरांचा हिशेब असतो. नांगर ओढताना किती अंतर कापलं याला काही अर्थच नाही. हाच हिशेब गाडीला लावून पाहा. 10,000 किलोमीटर जर द्रुतगती मार्गावर सरासरी 80 च्या वेगानं केले तर इंजिन 125 तास चाललं. तेच शहरात सरासरी 20 च्या वेगानं केले तर 500 तास. चिकटपट्टीवर दोन्ही गाड्या सारख्याच. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं किलोमीटर वाढत नाही, तेल मात्र म्हातारं होत राहतं.

1980 च्या दशकात जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी यावर उपाय काढला. गंमत अशी की त्यांची यंत्रणा तेलाला हातही लावत नाही. इंजिनाचे फेरे किती झाले आणि तेलाचं तापमान काय होतं, एवढंच मोजत जाते आणि अनुमान करते. धूर पाहून अग्नी, हे आपल्या नैयायिकांचं अनुमान. इथे धूरही न पाहता अग्नी विझत आल्याचं सांगायचं. आणि ते बऱ्यापैकी जमतं!

प्रत्यक्ष पाहण्याची रीतही आहे. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या तेलाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासतात. लोखंड किती, तांबं किती, यावरून आत काय झिजतंय ते कळतं. शेकडो लिटर तेल मावणाऱ्या इंजिनाला हे परवडतं, आपल्या तीन-चार लिटरला नाही. त्याची घरगुती बहीण म्हणजे टिपकागद. गरम इंजिनाच्या तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडायचा. काळा डाग कडेपर्यंत सारखा पसरला तर काजळी अजून तरंगतेय. मधोमध घट्ट काळा ठिपका आणि भोवती नुसतं फिकट कडं उरलं तर तेल थकलं. आम्ही आता दर सहा महिन्यांनी हा उद्योग करतो. घरातली मंडळी याला ‘सरांचं संशोधन’ म्हणतात.

मध्येच एकांनी विचारलंय, ‘आमची जुनी गाडी तेल खाते, आम्ही वरून घालत राहतो. म्हणजे तेल आपोआप नवंच होत नाही का?’ फार चांगला प्रश्न. मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला दिव्याचं उदाहरण देतो : रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का वेगळी? नागसेनाचं उत्तर, तीच नाही आणि वेगळीही नाही. तुमचं तेल तसंच आहे. वरून घातलेल्या अर्ध्या लिटरानं थोडी नवी द्रव्यं येतात, पण जुनी काजळी, जुनं आम्ल कुठे जात नाही. आणि फिल्टर तर जुनाच. तेव्हा टॉप-अप चालू ठेवा, पण बदलायचं ते बदला.

चिठ्ठी लिहिणाऱ्यांना आता सांगतो. गाडीच्या पुस्तकातला आकडा घ्या. ‘कठीण वापरा’च्या तक्त्यात आपण बसतो का ते प्रामाणिकपणे पाहा, बसत असाल तर तिथला लहान आकडा धरा. गाडी उभीच असेल तर वर्षाला एकदा ऑइल आणि फिल्टर, किलोमीटर कितीही असोत. आणि काढलेलं जळकं ऑइल गटारात जाऊ देऊ नका, गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठीही फासू नका. आमच्या वडिलांच्या पिढीनं ते सर्रास केलं. 1 एप्रिल 2024 पासून वापरलेलं तेल परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आलेली आहे, तेव्हा तुमचा गॅरेजवाला ते कुणाला देतो एवढं विचारा.

आता बाकीच्या चिठ्ठ्या इकडे द्या.